फूल-नाना, आमचे नाना आणि एक मोडी वही

दवणा (धागाकर्ती)

मूळ सोलापूरची, गेली अकरा वर्षं लंडनला. धागा लांबलचक आहे, आधीच सांगते. चहा घेऊन बसा.

मागच्या हिवाळ्यात मैत्रिणीच्या वाढदिवसाला काहीतरी सुगंधी घ्यावं म्हणून इथल्या एका मोठ्या दुकानात शिरले. काचेच्या कपाटात एक देखणी कुपी, आणि तिच्यावर नाव काय, तर 'फूल-नाना'! मी मोठ्याने हसले. विक्रेतीला वाटलं किंमत बघून हसले. (किंमत नंतर बघितली. तेव्हा हसू नाही, घाम आला.)

हसायचं कारण असं की माझ्या आजोबांना अख्खं गाव नाना म्हणायचं, आणि नानांचं सोलापुरात अत्तराचं दुकान होतं.

घरी येऊन या फूल-नानाची कुंडली काढली. ग्रॉस्मिथ नावाचं घराणं. जॉन ग्रॉस्मिथने १८३५ मध्ये लंडनच्या जुन्या शहरात धंदा मांडला. पूर्वेकडच्या नावांचं तेव्हा इंग्रजांना भारी वेड, आणि यांनी ते पुरेपूर वसूल केलं. १८८८ मध्ये 'हासु-नो-हाना', म्हणजे जपानी कमळाचं फूल. १८९१ मध्ये आपलं फूल-नाना. १९०६ मध्ये 'शेम-एल-नेसिम', हे इजिप्तमधल्या वसंतातल्या सणाचं नाव, अर्थ साधारण 'वाऱ्याचा वास घेणं'. राजघराण्यातल्या लग्नासाठी १८९३ मध्ये केलेला एक सुगंधही आहे. मग दुसऱ्या महायुद्धात न्यूगेट स्ट्रीटवरची इमारत बॉम्बहल्ल्यात गेली, पुढे धंदा खंगत गेला, घरच्यांच्या हातून सुटला आणि १९८० च्या सुमारास बंदच पडला.

खरी गोष्ट इथून पुढे. सायमन ब्रुक हे जॉनचे खापरपणतू. पेशा जमीनजुमल्याच्या मूल्यांकनाचा, अत्तराशी काडीचा संबंध नाही. आपली वंशावळ शोधता शोधता त्यांना हे घराणं सापडलं. २००७ मध्ये त्यांनी नाव परत मिळवलं. नातेवाइकांकडे सूत्रांच्या दोन जुन्या वह्या निघाल्या, त्यांत ९० च्या वर कृती. फ्रान्समधल्या ग्रास गावच्या रोबेर्ते या १८५० पासूनच्या कंपनीकडून वर सांगितलेल्यांपैकी पहिले तीन सुगंध नव्याने बांधून घेतले आणि २००९ मध्ये दुकानात ठेवले. मी पाहिली ती त्यांतलीच कुपी.

आता आमची वही. दुकान पणजोबांनी १९३१ मध्ये काढलं, नानांनी १९७६ पर्यंत चालवलं. काका बँकेत, बाबा शाळेत. गल्ल्यावर बसायला कोणी उरलं नाही. त्यात बाटलीतलं 'सेंट' आलं, चंदनाचा भाव चढला. दुकान गेलं, पण लाल कापडी बांधणीची एक वही बाबांच्या ट्रंकेत राहिली. मोडीत आहे. मला मोडी जेमतेम येतं, तरी एक पान लागलं. गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या, जत्रेसाठी दरवर्षी एक खास अत्तर करायचे, त्याचं पान. जसं आहे तसं देते:

चंदनतेल शेर १ (नेहमीचे). हिना तोळे १२ (नेहमीचा). केवडा तोळे ४. दवणा तोळा सव्वा. कस्तुरी रती २. नेहमीप्रमाणे मुरवणे.

बाबा ७८ वर्षांचे आहेत. ते असताना हे एक अत्तर परत करायचंय. जमलं तर पुढे दुकानाच्या नावाने थोडं विकायचंही. पण त्या 'नेहमीचे'ने माझी झोप उडवलीय. कोणाला या क्षेत्रातलं काही कळतं का? मतं, शिव्या, मोडी वाचणारे, सगळ्यांचं स्वागत.

कटिंग_चहा

पहिला नंबर! लेख झकास. पण एक कडू गोळी आधीच देऊन ठेवतो.

४५ वर्षं चाललेलं दुकान, त्यानंतर जवळपास पन्नास वर्षं कुलूप, आणि आता लेबलवर छापणार 'सन १९३१ पासून'. 'पासून' कसं हो? मधे काय दुकान ध्यानाला बसलं होतं? हल्ली प्रत्येक मिसळवाला १९२०-३० चाच असतो. नॉस्टॅल्जिया विकायला नानांची गरज नाही, एक पिवळट कागद आणि जुनं वळणदार अक्षर पुरतं.

तुमच्या त्या ग्रॉस्मिथसाहेबांनाही हाच प्रश्न.

दवणा

गोळी गिळली. खरंय. पण ग्रॉस्मिथवाल्यांनी मधली वर्षं लपवलेली नाहीत, बंद पडलं होतं हे ते स्वतःच सांगतात. लेबलवर मात्र १८३५ आहे हेही खरं. माझं अजून ठरलेलं नाही.

पेन्शनर_पेठकर

आधी नावाचा निकाल लावू. फूल-नानाचा अर्थ 'सुंदर फूल' असा हिंदीतून आला म्हणून ती कंपनी सांगते. हिंदीत नाना म्हणजे आईचे वडील. मराठीत नाना म्हणजे कोपऱ्यावरचे नाना. जवळात जवळचा अर्थ संस्कृताचा: नाना म्हणजे विविध. 'नाना फुले' म्हटलं की बरोबर. लंडनमधल्या कोणीतरी कोशातून दोन शब्द उचलले आणि उलटे ठेवले, असा माझा तर्क.  गंमत म्हणजे त्या सुगंधात खरोखरच नाना फुलं आहेत, नाही का?

दुसरं. सुगंधाच्या मराठी वह्या म्हटल्यावर एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. भांडारकर संस्थेचे क्युरेटर प. कृ. गोडे यांनी आपल्याकडच्या अत्तरांच्या इतिहासावर चिकाटीने लेख लिहिले. गंगाधराचा 'गंधसार' आणि अज्ञात लेखकाचा 'गंधवाद' हे ग्रंथ त्यांनीच अभ्यासकांच्या नजरेस आणले. यातल्या गंधवादावर चक्क मराठी टीका आहे! म्हणजे कोणीतरी मराठी माणूस काही शतकांपूर्वी बसून संस्कृतातल्या सुगंधाच्या कृती आपल्या भाषेत समजावून सांगत होता. तुमचे नाना त्याच रांगेतले.

आणि वराहमिहिर. बृहत्संहितेत 'गंधयुक्ती' म्हणून अख्खा अध्याय आहे. सोळा द्रव्यांतून चार निवडायची, त्यांचे एक, दोन, तीन, चार असे भाग घ्यायचे, तर किती सुगंध होतील? ग्रंथ सांगतो १,७४,७२०.  सोळातून चार निवडण्याचे प्रकार १८२०, आणि ग्रंथात त्याला ९६ ने गुणलंय (नुसती भागांची अदलाबदल केली तर प्रत्येकी २४ च होतात, ९६ हा ग्रंथातला आकडा). हे सहाव्या शतकातलं गणित आहे आणि आम्हाला शाळेत ते पेन-पेन्सिलींवर शिकवलं. असो.

मोडी मला येतं. पानांचे फोटो पाठवा. चष्म्याचा नंबर वाढलाय, तेव्हा फोटो मोठे हवेत.

रसायन_मास्तर

तीस वर्षं सुगंधी रसायनांच्या धंद्यात काढली, आता निवृत्त. या विषयावर घरी कोणी ऐकत नाही, त्यामुळे सविस्तर लिहितो.

आधी एक गैरसमज. 'जुनं म्हणजे नैसर्गिक' असं ग्रॉस्मिथच्या काळातलं समजू नका. नुकत्याच वाळलेल्या गवतासारख्या वासाचं कुमारिन पर्किन या इंग्रज रसायनतज्ज्ञाने १८६८ मध्येच प्रयोगशाळेत बनवलं होतं. १८८२ मध्ये उबिगाँ या फ्रेंच घराण्यासाठी पॉल पार्केने 'फुजेर रोयाल' बांधलं, त्यात ते वापरलं, आणि तिथून आधुनिक अत्तरकला सुरू झाली असं मानतात. (तेही बंद पडून २०१० मध्ये पुन्हा आलं.) १८८८ मध्ये अल्बर्ट बाऊर स्फोटकांवर काम करत होता, त्याच्या हाती कस्तुरीसारख्या वासाचं रसायन लागलं. फूल-नाना १८९१ चं. म्हणजे तेव्हाचे अत्तरकार त्यांच्या काळातले एकदम नव्या वळणाचे लोक होते. जुनाट आपल्याला वाटतात.

आता वहीचं. कृती हातात आली म्हणजे सुगंध हातात आला, हे खरं नाही. तीन ठिकाणी ठेच लागते.

एक, कायदा. सुगंध उद्योगाची आंतरराष्ट्रीय संघटना 'इफ्रा' १९७३ पासून कशाला किती मर्यादा हे ठरवते, युरोपचे नियम वर वेगळे. त्या बाऊरच्या कुळातलं मस्क ॲम्ब्रेट आता बाद. बर्गमोट लिंबाचं तेल लावून उन्हात गेलं की कातडीवर डाग पडतात, म्हणून डाग पाडणारा भाग काढलेलं तेल घ्यावं लागतं. ओकच्या झाडावर वाढणारं 'ओकमॉस' हे तर जुन्या युरोपीय अत्तरांचा पाया. त्यातले ॲट्रॅनॉल आणि क्लोरोॲट्रॅनॉल हे ॲलर्जीकारक घटक युरोपात बंद, त्यामुळे ते साफ करूनच वापरायचं. साफ केल्यावर वास तोच राहतो असं म्हणणारा एकतर विक्रेता असतो किंवा सर्दी झालेला.

दोन, बेस. जुन्या युरोपीय वह्यांमध्ये सूत्राच्या मधोमध एखादं नावच लिहिलेलं असतं. द लेर नावाच्या कंपनीचं 'मूस द साक्स', 'प्रुनॉल' अशी. हे तयार मिश्रण बाहेरून विकत यायचं, आत काय ते विकणाऱ्यालाच माहीत. विकणारा गेला की वहीत भोक पडलं. तुमच्या नानांचं 'नेहमीचे' हे तेच भोक आहे, फक्त मराठीत.

तीन, माल. म्हैसूरचं चंदन १९४० चं आणि आजचं एकच नव्हे. झाड किती जुनं, गाभा किती, मुळांचा भाग किती, या सगळ्यावर तेल बदलतं.

उपाय? दुकानातली एखादी जुनी कुपी उरलीय का? तळाशी चिकटलेला थेंबही चालेल. गॅस क्रोमॅटोग्राफीने, म्हणजे घटक वेगवेगळे करून ओळखायच्या तपासणीने, बरंच कळतं. वरवरचे हलके वास उडून गेलेले असणार, पण चंदनाचा गाभा टिकतो. फार अपेक्षा मात्र ठेवू नका, नैसर्गिक तेलात शेकड्याने घटक असतात आणि हिना अत्तर म्हणजे तर डझनावारी वनस्पतींची खिचडी.

फ्रान्समध्ये व्हर्सायला 'ऑस्मोथेक' आहे, १९९० पासून. हरवलेली अत्तरं मूळ सूत्रावरून करून ठेवतात, थंड आणि हवाबंद, वर आरगॉन वायू. विकायची नसल्यामुळे नियमांची कटकट कमी. वास घ्या आणि घरी जा. मला विचाराल तर पुनरुज्जीवनाचा तो सर्वांत प्रामाणिक प्रकार.

बकुळीचा_वळेसर

मास्तर, दंडवत. वाचनखूण साठवली.

ते ओकमॉस म्हणजे शेवटी दगडफुलाचंच भावंड ना? हिन्यात दगडफूल घालतात असं आजी सांगायची, आणि आम्ही हसायचो की अत्तर करताय का गोडा मसाला.

आणि दवणाताई, दोन रती कस्तुरीचं काय करणार आहेस? वहीत आहे म्हणून घालू नकोस बाई. इकडे कोकणात व्हेलच्या उलटीच्या, म्हणजे अंबरच्या तस्करीत लोक पकडले जातात, दर थोड्या दिवसांनी बातमी असते.

रसायन_मास्तर

वळेसरताई, शंभर टक्के. दोन्ही शैवाक (लायकेन) वर्गातले, एक ओकवरचं आणि एक आपल्या फोडणीतलं. तिकडे हिन्याच्या गठ्ठ्यात त्याला 'छडीला' म्हणतात.

कस्तुरी विसरायची. कस्तुरीमृग १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. पर्याय म्हणून लताकस्तुरी घ्या, ही भेंडीच्याच जातकुळीतली, बियांना कस्तुरीची छटा असते. महाग आहे, पण कोणी बेड्या घालत नाही.

कटिंग_चहा

म्हणजे ही भाजी, हा मसाला, आणि याला म्हणायचं अत्तर. भाकरी कधी टाकताय?

लष्कर_सोलापूर

दवणाताई, सलाम. तुमच्या नानांचं दुकान मी पाहिलेलं नाही, पण माझे वालिद बहुतेक तिथूनच माल घ्यायचे. आमचाही छोटा धंदा आहे अत्तर-सुरम्याचा, उरुसात आणि गड्ड्यावर स्टॉल असतो. मराठी चुकलं तर सांभाळून घ्या.

'नेहमीचा' या शब्दावर मास्तरांनी बरोबर बोट ठेवलं. पण ते भोक इतकं अंधारं नाही. जुन्या दुकानदाराचा 'नेहमीचा' म्हणजे माणूस. वर्षातून एकदा कन्नौजचा, म्हणजे उत्तर प्रदेशातल्या अत्तराच्या गावचा, माणूस यायचा, बरोबर चामड्याच्या कुप्प्या. त्या चामड्यातून अत्तरातलं पाणी हळूहळू उडून जातं आणि तेल मागे राहतं, म्हणून काचेत नाही आणायचे. हा माणूस ठरलेला, त्याची भट्टी ठरलेली. दहा पिढ्यांचा हिना करणारे लोक आहेत तिथे आणि दोघांचा एकमेकांसारखा नाही. कोणी नागरमोथा जास्त, कोणी जटामांसी, कोणी कपूरकाचरी, लवंग, जायपत्री. प्रमाण सांगत नाहीत, मुलीला तर नाहीच, कारण ती सासरी जाणार. हसू नका, अजून असंच आहे.

मी गेलोय तिथे दोनदा. तांब्याचा डेग, त्यात फुलं आणि पाणी. तोंड माती आणि कापसाने लिंपून बंद. त्यातून बांबूचा चोंगा, दोरी गुंडाळलेला, तो पाण्याच्या हौदात बसवलेल्या भपक्यात जातो. भपक्यात आधीच चंदनतेल. वाफ तिथे जाऊन निवते आणि वास चंदन पिऊन घेतं. गुलाब असेल तर दुसऱ्या दिवशी त्याच चंदनावर परत नवी फुलं, तिसऱ्या दिवशी परत. घड्याळ नाही, काटा नाही. कारागीर भपक्याला हात लावून सांगतो की आता आग कमी कर.

म्हणून तुमच्या पानावर चंदन एकदा दिसतं, पण आहे दोनदा. हिन्याच्या आत एक चंदन, वरून शेरभर दुसरं. आजच्या बाजारातल्या हिन्यात चंदनाच्या जागी बहुतेक वेळा पातळ पॅराफिन नाहीतर डीओपी (प्लास्टिक मऊ करायचं रसायन) असतं. असा हिना आणून त्यात खरं चंदन शेरभर ओतलं तरी नानांचं अत्तर होणार नाही. पैसे जातील फक्त.

केवडा ओडिशातल्या गंजामचा घ्या. दवणा तर आपल्या बाजूला कर्नाटकात होतो.

दवणा

भाऊ, तुमचं मराठी माझ्या लंडनमधल्या मुलांपेक्षा शंभरपट बरं आहे! 'चंदन दोनदा' हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. बाबांना फोन करून वाचून दाखवलं. ते म्हणाले, हो, फाल्गुनात एक उंच माणूस यायचा, त्याला आम्ही पोरं 'कुप्पीवाले चाचा' म्हणायचो, तो नानांशी हिंदीत बोलायचा आणि नाना त्याच्याशी मराठीत. नाव आठवत नाही म्हणाले.

जुनी कुपी नाही. एक पितळी अत्तरदाणी आहे, पण ती आईने चिंच लावून इतकी लख्ख ठेवलीय की त्यात नानांचा अणूही उरला नसणार.

टेम्सकाठचा

दवणा, मीही लंडनजवळच, रेडहिलच्या बाजूला. औषध-प्रसाधनांच्या नियमांमध्येच पोट भरतो, म्हणून कोरडं बोलतो.

इथे विकायचं असेल तर प्रत्येक सुगंधासाठी सुरक्षा अहवाल लागतो, तो पात्र माणसाकडून करून घ्यावा लागतो. शिवाय 'जबाबदार व्यक्ती' म्हणून इथला पत्ता आणि विक्रीआधी नोंदणी. नैसर्गिक तेलं जितकी जास्त तितकी लेबलवर ॲलर्जीकारक घटकांची यादी लांब. भारतात करायचं तर २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांखाली उत्पादनाचा परवाना लागतो, तो राज्याच्या एफडीएकडून. स्वयंपाकघरात मुरवून विकता येत नाही. परवाना असलेल्या कारखान्याकडून करून घेणं सोपं.

आणि वजनं नीट बदला. तोळा ११.६६ ग्रॅमचा, शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे ९३३ ग्रॅम. १२ तोळे हिना म्हणजे १४० ग्रॅम. हे सगळं शेराच्या हिशोबात करायची गरज नाही. वीसावा भाग करा, चुकलं तर रडू कमी येईल. हल्ली एका किलो चंदनतेलात बरी सेकंड-हँड गाडी येते.

पेन्शनर_पेठकर

शेर गावोगाव वेगळा असे हे विसरू नका! सरकारी शेर ८० तोळ्यांचा, बाजारचा दुकानदार सांगेल तो. वहीत कुठेतरी शेराचा हिशोब लागतो का ते बघतो. फोटो पोचले, चार पानं वाचून झाली. अक्षर दोन आहेत, एक तुमच्या पणजोबांचं असावं, दुसरं नानांचं. गड्ड्याचं पान पणजोबांच्या अक्षरात आहे. उरलेलं सावकाश.

कटिंग_चहा

चंदनाच्या भावावरून आठवलं. आपल्या जातीचं चंदन आता ऑस्ट्रेलियात शेतात लावतात, पश्चिमेला कुनुनुरा म्हणून गाव आहे तिकडे. म्हणजे नानांचं अत्तर करायचं लंडनच्या नातीने, ऑस्ट्रेलियाच्या तेलात, कन्नौजच्या हिन्यावर, ओडिशाचा केवडा घालून. सोलापूरचं यात काय, तर जत्रा.

(गंमत करतोय. पण उत्तर द्या.)

लष्कर_सोलापूर

चहावाले भाऊ, आधीपण सोलापूरचं काय होतं? चंदन म्हैसूरचं, हिना कन्नौजचा, कस्तुरी नेपाळकडची. सोलापूरचं होतं नाक. उन्हाळ्यात इथे ४३-४४ अंशांत काय टिकेल आणि गिऱ्हाईक काय मागेल ते नानांच्या नाकाला माहीत. अत्तर तिथेच होतं.

कटिंग_चहा

हे पटलं. शस्त्रं खाली.

बकुळीचा_वळेसर

+१. फायाच लावून घ्यावासा वाटतोय.

मला मात्र सालाचं भांडण अजून मिटवायचंय. ग्रॉस्मिथवाल्यांकडे निदान रक्ताचं नातं आहे आणि वहीसुद्धा. कितीतरी जुन्या नावांचं असं होतं की कोणीतरी नुसतं नाव विकत घेतं, आतला माल कालपरवाचा. दवणाकडे दोन्ही आहे. मग १९३१ लिहायला काय हरकत?

दवणा

पाच महिन्यांनी धागा वर काढतेय. माफी.

सोलापूरला जाऊन आले. लष्करभाऊंच्या ओळखीने कन्नौजच्या एका भट्टीवरून खऱ्या चंदनावरचा हिना मिळाला, ५० ग्रॅम, आणि तेवढ्यातच माझी या वर्षीची सुट्टीची खरेदी संपली. मास्तरांनी फोनवर दोन तास दिले. लताकस्तुरी घातली. चार नमुने केले, दवण्याचं प्रमाण थोडं थोडं बदलून, आणि तीन महिने मुरवले. 'नेहमीप्रमाणे' म्हणजे किती दिवस ते बाबांनाही सांगता आलं नाही, पण बरण्या माळ्यावर असायच्या आणि दिवाळीनंतर उतरायच्या एवढं आठवलं, म्हणजे उन्हाळा-पावसाळा दोन्ही खात असणार.

बाबांना न सांगता कापसाचे चार फाये दिले. पहिला हुंगून म्हणाले, देवळातला. दुसरा, लग्नातला. चौथा, औषध. तिसरा हुंगला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मला वाटलं झालं, जमलं. मग म्हणाले, "वास बरोबर आहे. पण दुकानाचा नाही. दुकानाला मागच्या खोलीतल्या रॉकेलच्या डब्याचा पण वास होता."

आई म्हणाली, आता ते तेवढं घालू नकोस.

रसायन_मास्तर

हाहा! पण तुमच्या बाबांचं नाक पक्कं आहे. लाकडी कपाटं, कापूस, रॉकेल, माणसं. त्या दुकानात बसून कुठलाही फाया हुंगला तरी हे सगळं मिसळूनच नाकात जाणार. तीन नंबरात दवणा किती ठेवला होता?

दवणा

वहीत आहे त्याच्या निम्मा. सव्वा तोळ्याच्या हिशोबाने केला तो चौथा, 'औषध'. आजचा दवणा जास्त उग्र येतो की नानांचा तोळा हलका होता, देव जाणे. लष्करभाऊ म्हणतात, नानांनी स्वतःच कमी केला असणार आणि पानावर वडिलांचं जुनं प्रमाण तसंच राहिलं असणार.

पेन्शनर_पेठकर

लष्करभाऊंचा नेम बरोबर बसलाय. वही काल पूर्ण झाली. गड्ड्याच्या पानामागे, कोपऱ्यात, बारीक अक्षरात, नानांच्या हातचं चार ओळींचं टिपण आहे. फोटोत अंगठ्याखाली गेलं होतं म्हणून पहिल्यांदा सुटलं. जसंच्या तसं देतो:

"पौष शके १८७४. गड्ड्यास माल गेला. जुनी गिऱ्हाइके म्हणतात बाबांचे वेळचा वास नाही. चंदन तेच, हिना तोच. दवणा निम्मा करून पाहणे."

म्हणजे जानेवारी १९५३ चा सुमार.

दवणा

पेठकरकाका, हे मी दहा वेळा वाचलं. बाबांना वाचून दाखवलं तर आधी खूप हसले, मग म्हणाले, नाना कधी बोलले नाहीत.

लेबलचं ठरलं. '१९३१ ते १९७६' असंच छापायचं, आणि खाली यंदाचं साल वेगळं. पहिल्या वेळी साठ कुप्या होतील, त्यापेक्षा जास्त चंदन परवडत नाही. टेम्सकाठच्यांनी अहवालासाठी माणूस गाठून दिलाय. गड्ड्याला लष्करभाऊंच्या स्टॉलवर पाच कुप्या ठेवायच्या ठरल्यात, विक्रीला नाही, हुंगायला. जुनं कोणी गिऱ्हाईक भेटलंच तर तक्रार लिहून घ्यायची आहे.

लष्कर_सोलापूर

वहीचं कोरं पान आणा बरोबर.

कटिंग_चहा

एक कुपी माझ्या नावावर. रॉकेल वेगळ्या डब्यात पाठवा.